थेट बसते

खोक्यावर लिहिलं होतं : थेट बसते.
कापाकापी नको, वेल्डिंग नको, चार तास पुरेत.
ट्रक माझा, शेड ऑरेस्टची.
घटस्फोटाला सहा वर्षं झाली,
पण माझ्या गाडीखालून येणारा खडखडाट
त्याला अजून ऐकवत नाही.
शनिवारी नऊला त्याने जॅक लावला,
दारका उलट्या बादलीवर बसून कागद वाचू लागली,
आणि बाहेर उणे अठरातलं आल्बर्टा
दाराच्या फटीला डोळा लावून उभं.

पहिलाच बोल्ट निघेना.
अकरा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
आट्यांमध्ये संसार थाटून बसलेलं.
तेल पाजलं. थांबलो. परत पाजलं.
पान्याला लांब नळी जोडून
ऑरेस्ट तिच्यावर अख्खा लोंबकळला,
एकशे दहा किलो.
बोल्ट सुटला नाही, तुटला.
नट घरंगळत डाव्या भिंतीपाशी,
सांडपाण्याच्या जाळीवर जाऊन पडला.
"हे कागदात नाहीये," दारका म्हणाली.

जुन्या कमानी उतरल्या तेव्हा दोन वाजले होते.
नव्या काळ्याभोर, रंगाचा वास अजून ओला.
बुश कमानीच्या डोळ्यात जाईना.
मग बुश बाहेर बर्फात पुरले,
कमान हीटरसमोर आडवी केली.
एकाने आक्रसायचं, दुसऱ्याने पसरायचं,
आणि मधल्या अर्ध्या मिनिटात काय ते उरकायचं.
दोघांनी एकदम हात घातला. गेला.
कुणी काही बोललं नाही.

मग मधली खुंटी.
खुंटी आणि एक्सलचं भोक, यांच्यात
गव्हाचा दाणा मावेल एवढी फट.
एवढ्याशा फटीपाशी घोडं अडलं.
कंपनीला फोन लावला.
पलीकडचा पोरगा म्हणाला, दारावरचा महिना वाचा.
ऑक्टोबर, मी म्हटलं.
ऑक्टोबरमधल्या गाड्या, तो म्हणाला,
नावाने त्या सालच्या, खालून पुढच्या सालच्या.
बसते बहुतेक. थोडी ओढून घ्या.

ओढून घेतली.
गवताचे भारे बांधायचा पट्टा एक्सलला अडकवला,
दुसरं टोक चासीला,
टक्, टक्, एकेक दात.
"बोट घालून बघू नकोस," आम्ही दोघे एकदम ओरडलो
दारकावर, जिने हात पुढे केलाच नव्हता.
ठक्.
खुंटी बसली.
ब्रेकची नळी मात्र आता तोकडी पडत होती,
तिचा आकडा वाकवून दोन अंगुळं मिळवली,
ती गोष्ट वेगळी.

आठ वाजता चाकं जमिनीला टेकली.
ऑरेस्टने मागच्या बंपरवर पाणसळ ठेवली
आणि बुडबुडा उजवीकडे पळाला.
गाडी डावीकडे कललेली.
तू कमानी उलट्यासुलट्या लावल्यास.
मी? खुणेची चिठ्ठी तू फाडलीस.
तू नेहमीच.
तूही.
तो जॅक परत ओढू लागला.

दारकाने खिशातून एक नट काढला,
फरशीवर अलगद ठेवला.
नट विचारात पडल्यासारखा थांबला,
मग निघाला, डाव्या भिंतीकडे,
सकाळपासूनचे सगळे नट गेले त्याच वाटेने.
"बाबा, जमीन बघ."

ही जमीन त्यानेच ओतलेली,
ती जन्मली त्या उन्हाळ्यात,
बर्फाचं पाणी जाळीकडे वाहावं म्हणून उतार देऊन.
ट्रक रस्त्यावर नेला.
हेडलाइटच्या उजेडात पाणसळ धरली,
बुडबुडा मधोमध. जवळजवळ.
ऑरेस्ट हसला नाही. हात पुसत राहिला,
कोरडे झाल्यावरही.

घरी जाताना उजवीकडून कुठूनतरी
कुईं, कुईं.
रेल्वे फाटकावर मोठ्याने, मग बारीक.
दारकाने कागदाची शेवटची ओळ वाचली :
शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.
बोटांवर हिशेब केला :
"बाबाकडे तेरा, परत तेरा.
म्हणजे चार शनिवार."
ट्रक मी रोज चालवते,
सोमवारपर्यंतच शंभर होतील,
हे तिला ठाऊक आहे.
मी म्हटलं, हो, चार.